दांडग्या माशाचा शेजार

'मात्स्यन्याय' हा शब्द आपल्या कानांवरून पुष्कळदां गेलेला असतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तो आला आहे. दंड धरणारा कोणी नसेल तर बलवान् दुर्बळाला गिळतो, जसा मोठा मासा लहान माशाला, असा त्याचा भावार्थ. राज्यशास्त्राला ही उपमा पुरेशी आहे. परंतु ज्यांनीं घरांत कांचपेटी बाळगली आहे, आणि तींत एखादा ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न सोडला आहे, त्यांना ती निम्मीच खरी वाटेल. कारण अशा पेटींत जे मासे मरून पडतात त्यांतले पुष्कळसे गिळलेले नसतात. ते अख्खेच्या अख्खे असतात. पंख फाटलेले, खवले उडालेले, कोपऱ्यांत आडवे तरंगणारे. खाण्यासाठीं मारलें असतें तर मारणाऱ्यानें तें खाल्लें नसतें काय? ही मारामारी पोटासाठीं नाहीं, जागेसाठीं आहे. आणि जागेसाठीं होणाऱ्या मारामारीला आपल्या मराठींत फार जुनें नांव आहे. तिला आपण भाऊबंदकी म्हणतों.

मोठ्या व भांडखोर माशाच्या पेटींत दुसरा मासा सोडावयाचा झाला तर तो कसा निवडावा, आणि कोणत्या माशाच्या बाबतींत तो विचारच सोडून द्यावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण आमच्या कामोठ्याचेंच उदाहरण घ्या. खाडीच्या आश्रयानें वसलेलें हें आगरी वस्तीचें गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नव्या मुंबईची आंखणी झाली, आणि आतां मानसरोवर स्टेशनांतून बाहेर पडलें कीं सेक्टरामागून सेक्टर इमारतीच इमारती दिसतात. सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांत गाय बांधतां येत नाहीं, कुत्रा आणला तर सोसायटीचे सभासद कपाळाला आंठ्या घालतात. मुलांच्या हौशीला उरतो तो मासा. म्हणून घरोघर दिवाणखान्यांत ही पेटी, जिला सगळे 'टँक' म्हणतात ती, आलेली आहे. आणि तींत शोभेच्या चिमुकल्या माशांऐवजीं एक मोठा, मालकाला ओळखणारा मासा ठेवण्याची आवड वाढत आहे.

या आवडींत पहिला मान ऑस्करचा. हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या खोऱ्यांतला. लुई अगासी या स्विस पंडितानें १८३१ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें, आणि गंमत अशी कीं नदींतला हा मासा त्या वर्णनांत समुद्रांतला म्हणून नोंदला गेला. शेपटीच्या मुळाशीं नारिंगी कड्याचा एक काळा ठिपका असतो, अगदीं डोळ्यासारखा. दुकानांतून आणतेवेळीं तो दोन इंचांचा असतो. पहिल्या वर्षांतच तो आठ-दहा इंच होतो, पुढें फूटभर वाढतो, आणि नीट सांभाळला तर दहा वर्षें सोबत करतो. माणूस खोलींत आला कीं पुढच्या कांचेशीं येतो, हातांतला दाणा उचलतो. घरच्यांना त्याचा लळा लागतो, आणि लळा लागला कीं एके दिवशीं कोणीतरी म्हणतें, "एकटा पडला आहे बिचारा, त्याला सोबत आणूं या." घोटाळ्याला आरंभ येथून होतो. एकटेपणा बहुधा आपला असतो. तो आपण माशाला चिकटवतों. जे मासे थव्यानें राहतात त्यांना एकटें ठेवणें क्रूरपणाचें आहे, यांत शंका नाहीं. पण ऑस्कर थव्याचा मासा नव्हे, आणि सोबत हवी असलीच तर ती त्याच्या हिशेबानें निवडली पाहिजे, आपल्या नव्हे.

प्रथम मात्स्यन्यायाचाच भाग आटपूं, कारण तो सोपा आहे. ऑस्करचें तोंड मिटलेलें असतां लहान दिसतें. तें पुढें फेकलें जातें तेव्हां त्याचा खरा आवांका कळतो. भक्ष्याजवळ जाऊन तो तोंड एकदम उघडतो, त्याबरोबर पाणी आंत ओढलें जातें आणि पाण्याबरोबर भक्ष्यहि. या कुळांतील माशांना घशामध्यें जबड्यांची दुसरी जोडी असते. एकदां आंत गेलेलें सहसा बाहेर येत नाहीं. पेण-अलिबागकडच्या खारपट्टींत तळ्यामध्यें जिताडा पाळणाऱ्या शेतकऱ्याला हें शिकवावें लागत नाहीं. एकाच वयाचीं पिलें असलीं तरी त्यांतलीं कांहीं झपाट्यानें वाढतात, आणि वाढलेलें पिलूं मागें राहिलेल्या भावंडाला गिळतें; म्हणून लहानपणीं तीं आकारवार निवडून वेगळीं करावीं लागतात. आपणहि तोच शहाणपणा करावा. सोबतीचा मासा मोठ्या माशाच्या लांबीच्या निदान दोन-तृतीयांश असावा, आणि अंगानें सडपातळ नसून उंच, ताटलीसारखा असावा. सहा इंच लांबीचा पण बोटाएवढा जाड मासा तोंडांत शेवईसारखा जातो; चार इंचांचा वाटोळा मासा जात नाहीं. आणि हें माप आजचें धरून उपयोग नाहीं. आज दोघेहि दोन इंचांचे आहेत, पण वर्षानें एक दहा इंचांचा व दुसरा तीन इंचांचाच असेल, तर आपण सोबत नव्हे, शिधा आणला आहे.

आतां भाऊबंदकी. ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनीं प्राण्यांच्या आक्रमक वृत्तीवर १९६३ सालीं एक ग्रंथ लिहिला, त्यांत माशांच्या पेट्यांतले अनुभव भरपूर आहेत. प्रवाळाच्या खडकांत राहणारे भडक रंगांचे मासे पाहून त्यांच्या लक्षांत आलें कीं हे मासे परक्या जातीच्या माशाला पुष्कळदां शेजारीं राहूं देतात, पण आपल्याच जातीचा, आपल्याच रंगाचा मासा दिसला कीं त्याच्यावर तुटून पडतात. कारण उघड आहे. जो आपल्यासारखा दिसतो तोच आपलें अन्न खाणार, आपलीच कपार मागणार, आपल्याच मादीजवळ जाणार. शेताच्या बांधावरून भांडणें होतात तीं सख्ख्या भावांत. वाटेनें जाणाऱ्या गुराख्याशीं बांधावरून कोणी कोर्टांत जात नाहीं.

लोरेन्झ यांच्याबरोबर १९७३ सालचें नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळालें त्यांत निको टिनबर्गन हे डच पंडित होते. यूरोपांतील ओढ्यांत पाठीवर तीन कांटे असलेला एक चिमुकला मासा असतो. विणीच्या दिवसांत त्याच्या नराचें पोट लाल होतें. टिनबर्गन यांनीं माशाच्या ओबडधोबड प्रतिकृति करून त्या खालच्या बाजूस लाल रंगवल्या; नर त्यांवर धांवून गेला. हुबेहूब माशासारखी घडवलेली पण लाल नसलेली प्रतिकृति पुढें धरली, तेव्हां त्यानें तिची फारशी दखल घेतली नाहीं. एवढेंच नव्हे, तर प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरून टपालाची लाल गाडी गेली तेव्हां पेट्यांतले नर तिच्या रोखानें धांवले! मासा शत्रूला पाहतो तो संपूर्ण पाहत नाहीं. एखादी खूण पाहतो आणि पेटतो. आपल्या ऑस्करच्या पेटींत त्याच्याच अंगलटीचा, त्याच्याच गडद रंगाचा दुसरा मासा सोडणें म्हणजे ती खूण रात्रंदिवस त्याच्या डोळ्यांपुढें नाचवणें होय.

तेव्हां निवडीचें सूत्र असें निघतें कीं सोबती जितका वेगळा तितका बरा. अंगलट वेगळी, रंग वेगळा, पाण्याचा थर वेगळा, शक्य तर जागण्याची वेळहि वेगळी. ऑस्कर दिवसा व मधल्या थरांत वावरतो. जो मासा तळाशीं पडून राहतो आणि दिवे मालवल्यावर हिंडतो, तो त्याच्या हिशेबीं शेजारीच नव्हे.

मात्र हें सूत्र कांगोरे सोडून वापरूं नये. लोरेन्झ यांनीं एक मजेशीर निरीक्षण नोंदवलें आहे, आणि तें आपल्याकडच्याच माशाचें आहे. केरळाच्या बाजूच्या खाजणांत एक पिवळा लहान मासा असतो. गोव्यांत ज्याला काळुंदर म्हणतात त्याचाच हा भाऊबंद, आणि ऑस्करच्याहि कुळांतला. याची एकच जोडी पेटींत ठेवली, भांडायला बाहेरचा कोणी उरूं दिला नाहीं, तर नर शेवटीं आपल्या मादीवरच उलटतो. मधोमध कांच घालून पलीकडे दुसरी जोडी ठेवली, तर दोन्ही नर कांचेआडून एकमेकांवर राग काढतात आणि घरांत शांतता नांदते. कांचेवर शेवाळ चढून शेजारी दिसेनासा झाला, कीं पुनः मादीचा छळ सुरू. कांच पुसली कीं संसार सुरळीत! यावरून शेजाऱ्याशीं भांडण ठेवावें असा बोध कोणी घेऊं नये. पण भांडखोर माशाला भांडण्याची थोडी वाट दिली तर तो निवळतो, एवढें खरें, आणि पुढें फ्लॉवरहॉर्नच्या संबंधांत याचा उपयोग होणार आहे.

नदींत हीच भांडणें प्राणघातक कां होत नाहींत? हरलेला पळतो, सीमेबाहेर गेला कीं जिंकलेला पाठलाग सोडतो. पेटींत हरलेला पळतो, चार फुटांवर कांच लागते, तो वळतो, आणि पुनः जिंकलेल्याच्याच दारांत येऊन उभा राहतो. जिंकलेल्याला वाटतें, हा निगरगट्ट जातच नाहीं. वस्तुतः बिचाऱ्याला जायला वाटच नाहीं. यास्तव सोबत्याचा प्रश्न हा अर्धा स्वभावाचा आणि अर्धा भूमितीचा आहे.

भूमितीचा हिशेब करूं. दुकानांतली नेहमींची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे दोन घनफूट. घनफुटाला सुमारें २८.३ लिटर धरले तर पाणी ५७ लिटर. यांत मोठा ऑस्कर एकटाहि ठेवूं नये. त्याला वळतां येत नाहीं. चार फूट, दीड फूट, दीड फूट अशी पेटी २५५ लिटरांची होते. ती एका ऑस्करला पुरते. सोबत आणावयाची असेल तर सहा फूट, दोन फूट, दोन फूट, म्हणजे ६८० लिटर. आतां पाणी लिटराला एक किलो! राहत्या घराची जमीन चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार धरून आंखलेली असते, आणि चार फुटी पेटींतल्या नुसत्या पाण्याचा भार आपल्या बुडाखालीं चौरस मीटरला साडेचारशें किलोंवर जातो. भिंतीलगत, तुळईच्या अंगानें असली तर अशी पेटी सहसा निभावते. सहा फुटी मात्र स्थापत्य जाणणाऱ्यास दाखवल्यावांचून वरच्या मजल्यावर मांडूं नये. म्हणजे कामोठ्यांतल्या दोन खोल्यांच्या घराला 'सोबत आणूं नका' हें उत्तर पुष्कळदां माशाच्या स्वभावानें नव्हे, स्लॅबानें दिलेलें असतें.

जागेबरोबर पाण्याचाहि विचार हवा. मोठा मासा खातो फार आणि घाण करतो फार. त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर पडतो. गाळणींत वाढणारे जंतु त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि पहिलीं दोन विषारी असतात. नव्या पेटींत हे जंतु पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. सोबती आणला म्हणजे हा सर्व बोजा वाढला. शिवाय २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यांत सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर ३० अंशांला साडेसातच. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पेटी सहज तिशीला पोंचते आणि त्याच दिवसांत वीज जाऊन हवेची मोटर थांबते. बॅटरीवर चालणारी मोटर घरांत असावी. दर आठवड्याला एक-तृतीयांश पाणी बदलावें. नळाचें पाणी क्लोरीन काढून टाकल्याखेरीज घालूं नये.

आणि दोघांना एकच पाणी मानवलें पाहिजे. आफ्रिकेंतील मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे दुकानदार 'हेहि तितकेच तापट, चालतील' म्हणून देतो. स्वभाव जुळेल, पण त्यांना जड, क्षारयुक्त पाणी लागतें आणि ऑस्करला मऊ. एकाला सुखी करावें तर दुसरा कुढतो. गोल्डफिश तर मुळींच नको. तो थंड पाण्याचा, संथ, लांब शेपटाचा. ऑस्कर त्याला सोबती समजत नाहीं, आणि समजावें तरी कशाला? त्याच्या मांसांत ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें, त्यामुळें खाणाऱ्यालाहि तो बाधतो.

तर मग चालतात कोण? माझें पहिलें मत सिल्व्हर डॉलरला. रुपयासारखा वाटोळा, चंदेरी, सहा इंचांपर्यंत वाढणारा, शाकाहारी आणि चपळ. गंमत म्हणजे हा कुप्रसिद्ध पिरान्हाच्या नात्यांतला, पण पालेभाजी खाणारा. तो थव्याचा मासा आहे, म्हणून पांच-सहा एकदम आणावे, आणि ते निदान तीन-चार इंचांचे झालेले असावे. ते बिनधास्त हिंडत असले कीं ऑस्करहि निर्धास्त होतो. बाहेर धोका नाहीं अशी ती त्याला मिळालेली खबर असते. टिनफॉइल बार्बहि चालतो, पण तो स्वतः फूटभर होतो, हें विसरूं नये. तळासाठीं आफ्रिकेंतला बिचिर उत्तम. लांबट, सापासारखा, अंगावर हाडासारखे कठीण खवले, रात्रीं हिंडणारा, पृष्ठभागावर येऊन हवा घेणारा. अंगानें जरा सडपातळ असल्यामुळें तो पुरेसा मोठा असतांनाच आणावा.

नारिंगी, गुबगुबीत पॅरट मासा ऑस्करबरोबर पुष्कळ ठिकाणीं दिसतो. हा तैवानमध्यें केलेला संकर. त्याचें तोंड पुरतें मिटत नाहीं, त्यामुळें चावा घेतां येत नाहीं. दंगा तो करतो, पण इजा करीत नाहीं. मात्र चावतां न येणाऱ्याला चावणाऱ्याच्या घरांत ठेवावें काय, हा प्रश्न राहतोच. मी तरी ठेवणार नाहीं. उलट कॉन्व्हिक्ट नांवाचा पट्ट्यापट्ट्यांचा मासा चार-पांच इंचांचाच, पण त्याची जोडी अंड्यांवर बसली कीं फूटभर ऑस्करला अर्ध्या पेटींतून हांकून लावते. आकारावरून स्वभाव ओळखूं नये, हें शाळेंत पुढच्या बाकावर बसणाऱ्या लहानखुऱ्या मुलांनीं मला फार पूर्वींच शिकवलें होतें.

दुसरा ऑस्करच आणला तर? लहानपणापासून एकत्र वाढलेले दोन बहुधा निभावतात. तीन कधींच आणूं नयेत. दोघांचें जमलें कीं तिसऱ्याचे हाल कुत्रा खात नाहीं. यांच्यांतले नर-मादी बाहेरून ओळखतां येत नाहींत, त्यामुळें दुकानदार 'जोडी' म्हणून देतो ती त्याची शुभेच्छा समजावी. आणि ती खरोखरच जोडी निघाली तर अंडीं घातल्यावर दोघे मिळून पेटींतल्या इतर सर्वांना जगूं देणार नाहींत.

आतां सकर. पेटी स्वच्छ ठेवतो म्हणून हा घरोघर आणला जातो. सोबत्याकडून काम करून घेण्याची कल्पना कांचपेटीइतकीच जुनी आहे. १८५० सालीं लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं एका भांड्यांत दोन गोल्डफिश व पाणवनस्पति ठेवली. कुजलेल्या पानांनीं पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यांनीं तळ्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या आणि तोल साधला. सकराकडून आपण तीच अपेक्षा करतों. पण तो माशाची विष्ठा खात नाहीं, फूट-दीड फूट वाढतो, स्वतःच भरपूर घाण करतो, आणि पोटभर शेवाळ मिळालें नाहीं तर रात्रीं मोठ्या माशाच्या अंगाला चिकटून त्याचा बुळबुळीत थर खरवडतो. लहान सकर आणावा तर आणखी धोका! ऑस्कर त्याला तोंडांत घेतो, तो आपले कांटे ताठ करतो, आणि दोघेहि तसेच अडकून मरतात. मोठा सकर, मोठी पेटी, त्याला स्वतःची कपार आणि रोज काकडीची फोड, एवढें जमत असेल तरच.

दुकानांतल्या नांवांना भुलूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. 'शार्क' म्हणून जो चंदेरी, मिशीवाला, सतत येरझारा घालणारा मासा मिळतो, तो शार्क नव्हे. मासळीबाजारांत पंगास किंवा बासा म्हणून ज्याचे तुकडे विकतात तोच हा. तो मीटरभराहूनहि मोठा होतो, आणि घाबरला कीं कांचेवर डोकें आपटून घेतो. तसाच लाल पोटाचा 'पिरान्हा' म्हणून जो मुलांना दाखवतात तो पुष्कळदां आपला बाजारांतला रूपचंद असतो. रविवारीं ज्याचें कालवण करतों तोच मासा सोमवारीं शोभेचा म्हणून विकत घ्यावयाचा, याला काय म्हणावें? दोघांचीहि जागा तळ्यांत आहे. चंदेरी ॲरोवाना वरच्या थरांत राहतो म्हणून सोबती म्हणून सुचवतात. पण तो तीन फुटांपर्यंत जातो आणि झांकण उघडें राहिलें तर उडी मारून जमिनीवर पडतो.

राहिला फ्लॉवरहॉर्न. हा मासा कोणत्याहि नदींत जन्मला नाहीं. १९९० च्या दशकांत मलेशियांतील पैदासकारांनीं मध्य अमेरिकेंतल्या निरनिराळ्या भांडखोर जाती एकमेकींत मिसळून तो सिद्ध केला. कपाळावरचें टेंगूळ जितकें मोठें तितकें मालकाचें भाग्य मोठें, ही समजूत पूर्वेकडून आली आणि आपल्याकडे येऊन वास्तुशास्त्राच्या शेजारीं बिऱ्हाड करून राहिली. भाग्याविषयीं मी बोलत नाहीं, स्वभावाविषयीं बोलतों. ऑस्कर धाकदपटशा करतो, पण पुष्कळदां तेवढ्यावर थांबतो. फ्लॉवरहॉर्न थांबत नाहीं. त्याला सूत्र लागू पडत नाहीं. वेगळ्या अंगलटीचा, वेगळ्या थरांतला, रात्रीं हिंडणारा, कोणताहि असो, पेटी आपली आहे एवढेंच तो जाणतो. पांढऱ्या खड्यांचा तळ स्वतः उकरून तो आपला वाडा मांडतो. याला सोबती देऊं नये. कोणी म्हणेल, 'आमच्याकडे सहा महिने सकर आहे, कांहीं झालें नाहीं.' नसेल झालें. सातव्या महिन्यांत होतें.

मग त्यानें वेळ कसा घालवावा? तेथें लोरेन्झ यांची कांच उपयोगीं पडते. दिवसांतून पांच-दहा मिनिटें बाहेरून आरसा लावावा. तो कल्ले फुगवतो, पंख पसरतो, प्रतिबिंबावर चाल करून जातो. आरसा काढला कीं विजयी मुद्रेनें परततो. तासन् तास मात्र आरसा ठेवूं नये, कारण न हरणाऱ्या शत्रूपुढें तो थकतो. दोन फ्लॉवरहॉर्न मध्यें पारदर्शक कांच घालून शेजारीं ठेवण्याची पद्धत आहे, तिलाहि हीच मर्यादा: एरवीं मध्यें अपारदर्शक पुठ्ठा असावा. तळाचे खडे हलवायला मिळाले, वेळेवर दाणा मिळाला आणि माणसें समोर येत-जात राहिलीं, तर त्याच्या आयुष्यांत उणें असें कांहीं राहत नाहीं.

ऑस्करकडे सोबती आणण्याचें ठरलेंच, तर आणण्याची रीत महत्त्वाची आहे. शक्य तर सोबती आधीं वसवावेत आणि दांडगा मासा शेवटीं सोडावा. तो आधींच राहत असेल तर त्याला दोन दिवस दुसरीकडे हलवून पेटींतले दगड, ओंडके सगळे इकडचे तिकडे करावेत, म्हणजे परतल्यावर त्याच्या जुन्या सीमा पुसलेल्या असतात आणि दोघेहि नवखे ठरतात. सोडण्यापूर्वीं त्याला पोटभर खाऊं घालावें, दिवा मालवावा. पहिला आठवडाभर मध्यें भोंकें पाडलेला प्लॅस्टिकचा पडदा ठेवला तर फारच उत्तम. पडदा काढल्यावर कल्ले फुगवणें, शेपटीनें पाणी मारणें, एकदोन वेळ तोंडाला तोंड भिडवणें, इतकें चालावयाचेंच. हा ओळखीचा विधि आहे. पण एखादा मासा वरच्या कोपऱ्यांत डोकें खुपसून उभा राहिला, रंगानें काळवंडला, पंख चिरफाळले, दाण्याला आला नाहीं, तर त्याच घटकेला त्याला वेगळा करावा. 'लागेल हळूहळू संवय' हें वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकलें आहे, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचें उत्तरहि पाहिलें आहे. म्हणून दोन फुटी एक जुनी पेटी व लहान मोटर नेहमीं तयार ठेवावी.

आतां ज्या गोष्टीसाठीं मी हें भाषण मुख्यतः मान्य केलें ती सांगतों. जमलें नाहीं, मासा फार मोठा झाला, घर बदललें, म्हणजे पुष्कळ सुशिक्षित माणसें 'जिवंत सोडून पुण्य करूं' म्हणून तो पनवेलच्या वडाळे तलावांत, नाहींतर जवळच्या एखाद्या ओढ्यांत सोडून येतात. तें पुण्य नव्हे. परमुलखांतला दांडगा मासा आपल्या पाण्यांत जगला तर आपल्या माशांचीं अंडीं-पिलें खातो, आणि एकदां वाढला कीं त्याला परत कोणी वेंचूं शकत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील उजनीच्या जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यांत सकर येऊं लागले आहेत. त्यांच्या कांट्यांनीं जाळीं फाटतात आणि बाजारांत त्यांना गिऱ्हाईक नाहीं. ते नदीनें आणलेले नाहींत. मलेशिया व सिंगापूर येथें फ्लॉवरहॉर्नचा षोक ओसरल्यावर लोकांनीं ते असेच पाण्यांत सोडले, आणि ते तेथील जलाशयांत ठाण मांडून बसले. आफ्रिकेंतला मांगूर पाळण्यावर आपल्या सरकारनें २००० सालींच बंदी घातली, ती याच भयानें. नको झालेला मासा मोठी पेटी असलेल्या गृहस्थास द्यावा, किंवा दुकानदारास परत करावा. मेलेला मासा कुंडींत पुरावा.

दुकानांत जाल तेव्हां, मग तें मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट असो कीं आपल्या गल्लींतलें दुकान, रंग पाहण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे. हा मासा पुरता वाढल्यावर किती इंचांचा होतो? आणि आठ दिवसांत जमला नाहीं तर परत घ्याल काय? दुसऱ्या प्रश्नाला सरळ 'होय' आलें नाहीं, तर दाण्यांचा डबा घेऊन घरीं यावें.